कोवळ्या कवचाखाली : खेकड्यांच्या पिल्लांचे रोग, प्रकल्प नोंदी

२४ मे २०२४

आज प्रश्न कागदावर पक्का केला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणाऱ्या खेकड्यांच्या पिल्लांना कोणते रोग जडतात, नेमके कधी जडतात आणि त्यातले किती आपल्या नजरेतून सुटतात? पिल्लू म्हणजे कोण, हेही ठरवून टाकलं. झोइया आणि मेगालोपा या पाण्यात तरंगायच्या अवस्था मागे टाकून तळाशी उतरलेला, पण कवचाची रुंदी अजून ३० मिलिमीटरच्या आत असलेला खेकडा. ही रेघ आम्ही कामाच्या सोयीसाठी ओढली आहे; जातीगणिक ती बदलते.

खेकड्यांच्या रोगांवरच्या बऱ्याचशा नोंदी मोठ्या खेकड्यांच्या आहेत. कारण साधं आहे, सापळ्यात मोठेच येतात. लहान जाळीतून निसटतात, नाहीतर दगडाखाली, सागरी गवताच्या मुळांत, तिवरांच्या श्वासमुळांत दडून राहतात. त्यामुळे एखाद्या खाडीतलं रोगाचं प्रमाण म्हणून जो आकडा पुढे येतो, तो बालपण पार करून आलेल्यांचा असतो. त्याआधीच जे गेले त्यांची त्यात गणती नाही. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि पुढची कामाची पद्धत तिच्यावरूनच ठरवायची आहे.

२५ मे

पौर्णिमेनंतरची मोठी ओहोटी. खालचा पट्टा पूर्ण उघडा पडला होता. पद्धत अशी ठेवली आहे: एक जण दगड उचलतो, दुसरा पिल्लं वेचतो, आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. उलटा ठेवलेला दगड म्हणजे त्याच्या पोटाशी चिकटलेल्या सगळ्या जिवांचा उन्हात मृत्यू. रोग शोधायला येऊन आपणच घरं मोडायची, हे मला अजिबात चालणार नाही, आणि गटातल्या सगळ्यांना ते आज स्पष्ट सांगितलं.

प्रत्येक पिल्लाची नोंद: कवचाची रुंदी, नर की मादी, कवच कडक की मऊ, तुटलेले किंवा नव्याने उगवणारे पाय, काळे डाग, पोटाखालच्या पट्टीचा आकार. सोबत पाण्याचं तापमान आणि क्षारता. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना बूट, चाळण्या आणि डबे जंतुनाशकाने धुऊन वाळवायचे. रोगाचे जंतू जागा बदलायला आमची मदत घेणार नाहीत, एवढी काळजी तरी घ्यायलाच हवी.

मेलेलं पिल्लू एकही सापडलं नाही. सापडणारही नाही. कमजोर झालेलं पिल्लू मासा, पक्षी किंवा दुसरा खेकडा उचलतो, आणि खेकडे आपल्याच जातीच्या लहानांना खायला मागेपुढे पाहत नाहीत. मरणाचा पुरावा पुढच्या भरतीपर्यंतसुद्धा टिकत नाही. म्हणून जे काही वाचायचं ते जिवंतांच्या रक्तातच वाचावं लागणार.

७ जून

रक्त काढण्याचा सराव. खेकड्याच्या रक्ताला हीमोलिम्फ म्हणतात. ते नळ्यांत बंदिस्त नसतं, थेट अवयवांच्या भोवती फिरतं. पिल्लाला आधी बर्फावर ठेवून सुन्न करायचं, मग शेवटच्या पायाच्या बुडाशी, सांध्यावरच्या पातळ कातडीतून २९ गेजची सुई अगदी जेमतेम आत घालायची. काही मायक्रोलिटर मिळाले तरी पुरे. त्यातलं थोडं काचपट्टीवर न्यूट्रल रेड या रंगाच्या थेंबात, उरलेलं पीसीआरसाठी, म्हणजे रोगजंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, ९५ टक्के इथेनॉलमध्ये. १० मिलिमीटरच्या आतल्या पिल्लाला सुई टोचणं म्हणजे त्याला मारणंच. त्यांच्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागेल.

निरोगी रक्त आधी डोळ्यांत भरून घ्यायला हवं, म्हणून आज बराच वेळ फक्त तेच पाहिलं. बाटलीत ते जवळजवळ स्वच्छ दिसतं, हवा लागली की निळसर झाक येते. प्राणवायू वाहून नेणाऱ्या हीमोसायनिनमध्ये तांबं असतं, त्याची ही झाक. काचेवर पडल्यापडल्या रक्तपेशी काचेला चिकटतात आणि पाय पसरल्यासारख्या चपट्या होतात. काहींच्या पोटात चमकदार कण गच्च भरलेले, काहींत तुरळक, काही जवळपास रिकाम्या. थोड्याच वेळात त्यांचे पुंजके होतात आणि रक्त साकळायला लागतं. हे साकळणं लक्षात ठेवायचं. ज्या रक्तात ते होत नाही, तिथे काहीतरी बिघडलेलं आहे.

आपल्या रक्तात रोगाची आठवण ठेवणारी प्रतिपिंडं असतात, खेकड्याकडे ती नसतात. त्याचं संरक्षण या पेशींवर आणि मेलॅनिन तयार करणाऱ्या रसायनांच्या साखळीवर चालतं. जखम झाली, बुरशी घुसली, की पेशी तिला वेढतात आणि तो भाग काळा पडतो. खेकड्याच्या अंगावरचा काळा डाग म्हणूनच दोन्ही सांगतो: इथे हल्ला झाला, आणि इथे प्रतिकारही झाला.

२३ जून

आज ते दिसलं. साधारण १८ मिलिमीटरचं पिल्लू, खालच्या पट्ट्यातलं. टोपलीतली बाकीची पिल्लं नांग्या उगारत होती, हे मात्र हातात घेतल्यावर पाय लोंबते सोडून पडून राहिलं. पायाच्या शेवटच्या पेरातून उजेड पाहिला तर आतला भाग नेहमीसारखा पारदर्शक नव्हता, दुधाळ होता. सुईत आलेला थेंब पाणी घातलेल्या ताकासारखा. काचपट्टीवर खेकड्याच्या स्वतःच्या पेशी शोधाव्या लागल्या. बाकी सगळीकडे गोल पेशी, एकमेकींना न चिकटणाऱ्या, आणि न्यूट्रल रेड घातल्यावर प्रत्येकीच्या आत लालसर ठिपके उठलेले. मधेच एक लांबट, किड्यासारखा आकार, एकाच पेशीत अनेक केंद्रकं असलेला, संथपणे वळवळत होता. रक्त साकळलं नाही.

हे हेमॅटोडिनियम. डायनोफ्लॅजेलेट गटातला परजीवी. म्हणजे समुद्राला लाल रंग आणणाऱ्या सूक्ष्म शेवाळांचा भाऊबंद, पण प्रकाशसंश्लेषण सोडून खेकड्याच्या रक्तात राहायला आलेला. शॅटन आणि प्वासों यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांत तो पाहून १९३१ मध्ये त्याचं वर्णन केलं. नंतर तो उत्तर अमेरिकेच्या निळ्या खेकड्यांत आढळला. अलास्कातल्या टॅनर खेकड्यांत त्याने मांसाची चव बिघडवली म्हणून तिथे या रोगाला 'कडू खेकड्याचा रोग' हे नाव पडलं. चीनमध्ये मत्स्यशेतीत पाळलेल्या स्किला आणि पोर्टुनस खेकड्यांतही त्याने मोठी मर केली.

तो मारतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. आतून तो रक्तातली प्रथिनं आणि साठवलेली साखर संपवत जातो. खेकड्याच्या पेशी घटतात, हीमोसायनिन घटतं, म्हणजे प्राणवायू पोचवण्याची ताकदच जाते. अशा खेकड्याला पाण्यात प्राणवायू थोडा कमी पडला किंवा हाताळणीचा ताण बसला तरी तो कोसळतो. प्रयोगशाळेत टोचून संसर्ग दिलेल्या निळ्या खेकड्यांपैकी बहुतेक ४० दिवसांत मेले होते. शेवटी परजीवी दोन शेपट्यांचे पोहणारे बीजाणू तयार करतो. ते कल्ल्यांवाटे पाण्यात सुटतात, आणि बहुतेक वेळा यजमान त्याच सुमारास मरतो.

आजचं पिल्लू संध्याकाळपर्यंत जगलं नाही. त्याचे कल्ले, यकृत-स्वादुपिंडाचा भाग आणि स्नायू ऊती टिकवून ठेवणाऱ्या डेव्हिडसनच्या द्रावणात ठेवले.

७ जुलै

अमावास्येनंतरचं उधाण. आज मऊ कवचाची पिल्लं बरीच मिळाली. कालपरवाच कात टाकलेली, बोटाने दाबलं तर कवच कागदासारखं वाकणारी. एका दगडाखाली रिकामी कात जशीच्या तशी पडलेली होती: डोळ्यांची बुबुळं, मिश्या, कल्ल्यांवरचं पातळ आवरणसुद्धा. ती बाटलीत ठेवली आणि भिंगाखाली बराच वेळ पाहिली. कल्ल्यांच्या आवरणावर देठ असलेल्या घंटेच्या आकाराच्या, पक्ष्माभिका असलेल्या एकपेशीय जिवांची वस्ती होती, एपिस्टायलिस किंवा झूथॅम्नियम. ती अख्खी वस्ती कातीबरोबर मागे राहिली होती. पिल्लू तिच्यातून मोकळं होऊन गेलं होतं.

इथे मला या सगळ्या प्रकल्पाची किल्ली सापडली असं वाटतं. मोठा खेकडा वर्षातून फार तर एखाद-दोनदा कात टाकतो, कित्येक जातींच्या माद्या तर वयात आल्यावर टाकतच नाहीत. पिल्लू मात्र सुरुवातीला काही दिवसांच्या अंतराने कात टाकत असतं. त्यामुळे जे रोग बाहेरून कवचावर बसतात, म्हणजे कल्ल्यांवरचे असे एकपेशीय जीव, कवच कुरतडणारे जिवाणू, कल्ल्यांत घर करणारे ऑक्टोलॅस्मिस नावाचे चिकटून बसणारे जीव, ते पिल्लांत फार मूळ धरू शकत नाहीत. प्रत्येक कातीबरोबर ते झडतात. उलट जे रोग कोवळ्या कातडीतून आत शिरतात, त्यांच्यासाठी हीच वेळ सोन्याची. जुनं कवच गेलेलं, नवं अजून चुन्याने भरलेलं नाही, जखमा सहज होतात, पळता येत नाही.

शिवाय कात टाकणं हे अतोनात ताकदीचं काम. पाणी पिऊन अंग फुगवायचं, जुन्या कवचातून मागच्या मागे बाहेर यायचं, पाय, कल्ले सगळं त्या अरुंद वाटेतून ओढून काढायचं. आतून परजीवीने पोखरलेलं पिल्लू या परीक्षेत अर्ध्यावर अडकतं. म्हणजे रोग जडला एक दिवशी आणि मरण आलं कातीच्या दिवशी, असं होणार. बघणाऱ्याला वाटणार, कात टाकताना मेलं.

तेव्हा आजपासून नोंदवहीत कातीची अवस्था हा रकाना सक्तीचा. पायाच्या कडेला जुन्या कवचाखाली नव्याची रेघ उमटली आहे का, ते प्रत्येक पिल्लाचं भिंगाखाली पाहायचं.

२३ जुलै

सतत पाऊस. वरच्या खाडीत पाणी जवळपास गोडं, क्षारता हजारी ५ च्याही खाली. खालच्या पट्ट्यात भरतीला हजारी २० च्या आसपास. वरची पिल्लं तुकतुकीत, चपळ. रक्त सगळ्यांचं स्वच्छ.

हे अपेक्षित होतं. अटलांटिकच्या अमेरिकन किनाऱ्यावर न्यूमन आणि जॉन्सन यांनी १९७५ मध्ये निळ्या खेकड्यांचा हा रोग प्रथम नोंदवला, तेव्हाच लक्षात आलं होतं की क्षारता हजारी ११ च्या वर असेल तिथेच तो भेटतो. पोहणाऱ्या बीजाणूंना कमी खारं पाणी सोसत नाही. म्हणजे नदीचं तोंड पिल्लांसाठी आसरा ठरतं. पण हा आसरा कायमचा नसतो. वाढता वाढता खेकडे खाली उतरतात, माद्या अंडी सोडायला खाऱ्या पाण्याकडे जातात, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी खारं पाणीच वर चढून येतं. धरणं बांधून नदीचं पाणी अडवलं तरी तेच होतं. गोड्या पाण्याचा प्रवाह कमी करण्याची चर्चा होते तेव्हा खेकड्यांच्या पिल्लांचा हा आसरा कोणाच्या हिशेबात नसतो, आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

६ ऑगस्ट

आज पूर्ण वेगळा पाहुणा. एका लहान नराच्या पोटाखालची पट्टी मादीसारखी रुंद दिसली. उचलून पाहिलं तर खाली पिवळट, मऊ, चकचकीत गाठ. पहिल्या नजरेला अंड्यांचा पुंजका वाटतो, पण दाणे नाहीत, एकसंध पिशवी आहे.

ही सॅक्युलिनाच्या कुळातली. दिसायला गाठ, पण मुळात ही बार्नॅकल, खडकावर चिकटून बसणाऱ्या कवचधारी जिवांची नातेवाईक. हे ओळखता येतं ते तिच्या अळीवरून. अळी अगदी बार्नॅकलसारखी असते. मादी अळी खेकड्याच्या अंगावर उतरते, तिचं रूपांतर सुईसारख्या अवयवाच्या एका अवस्थेत होतं आणि त्या सुईतून ती स्वतःच्या मोजक्या पेशी खेकड्याच्या रक्तात सोडते. इव्ह डलाज यांनी १८८४ मध्ये ही अवस्था वर्णन केली तेव्हा अनेकांना ती पटणं जड गेलं होतं. आत त्या पेशींपासून मुळांसारखं जाळं फुटतं, ते आतड्याभोवती, स्नायूंत, पायांपर्यंत पसरतं. कित्येक महिने बाहेर काहीही दिसत नाही. मग एके दिवशी पोटाखाली पिशवी फुटते. नर अळी तिच्यात शिरली की तिच्यातून नवी अळी पाण्यात जायला लागते.

खेकडा मरत नाही. मात्र त्याचं प्रजनन संपतं, सॅक्युलिना कार्सिनाय असेल तर कात टाकणंही थांबतं, आणि नर असला तरी तो त्या पिशवीची निगा मादी अंड्यांची घेते तशी घेतो: साफ करतो, पाण्याचे झोत देतो. खेकडा स्वतः जिवंत, पण खेकड्यांच्या पुढच्या पिढीच्या दृष्टीने गेलेला. मोजणीत तो निरोगी प्रौढ म्हणून धरला जातो, ही खरी अडचण.

या गटाचाही पिल्लांशी थेट संबंध आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात लॉक्सोथायलॅकस पॅनोपी नावाची जात १९६४ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. मेक्सिकोच्या आखातातून आणलेल्या कालवांबरोबर आलेल्या खेकड्यांतून ती तिथे पोचली. ती पकडते ते नुकती कात टाकलेल्या मऊ पिल्लांनाच. पुन्हा तीच वेळ, तेच दार. आणि माणसाने कालवं हलवली नसती तर ती तिथल्या चिखलखेकड्यांना कधी भेटलीही नसती.

२१ ऑगस्ट

पाण्याला फार जोर, किनाऱ्यावर जाता आलं नाही. तळाशी उतरण्याआधी काय होतं यावर टिपणं काढली, कारण पिल्लू आमच्या हाती येईपर्यंत बरीच गाळणी होऊन गेलेली असते.

अंड्यांवर लॅजेनिडियम कॅलिनेक्टिस बसतं. बुरशीसारखं दिसणारं, पण ऊमायसीट या वेगळ्याच गटातलं. काउच यांनी १९४२ मध्ये निळ्या खेकड्याच्या अंड्यांवरून त्याचं वर्णन केलं. अंडी उबवणी केंद्रांत ते अळ्यांवरही चढतं, आणि पारदर्शक झोइयाच्या अंगातून त्याचे धागे आरपार दिसतात. व्हिब्रिओ जिवाणूंचं तर विचारायलाच नको. त्यातला व्हिब्रिओ हार्वेई अंधारात चमकतो, आणि रात्री टाकीतल्या अळ्या उजळलेल्या दिसल्या की सकाळी त्या तळाशी पडलेल्या असतात.

पण प्रत्येक मरणाला जंतूच जबाबदार धरायचा नाही. स्किला खेकड्यांच्या उबवणीत पाचव्या झोइयाची मेगालोपा होताना किंवा मेगालोपाचा पहिला खेकडा होताना अळ्या जुन्या कातीत अडकून मरतात. त्यामागे अन्नातल्या मेदाम्लांचं बिघडलेलं प्रमाण असू शकतं: डीएचए हे मेदाम्ल कमी पडलं तरी त्रास आणि अती झालं तरी त्रास. अती झालं की झोइयाच्या नांग्या वेळेआधी मोठ्या होतात आणि कातीतून निघत नाहीत. निसर्गात अन्न बदललं, तरंगणाऱ्या वनस्पतींचं मिश्रण बदललं, तर तिथेही असंच काही होत असेल का, हा प्रश्न नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.

५ सप्टेंबर

विषाणूंबद्दल थोडक्यात, कारण आमच्या सूक्ष्मदर्शकात ते दिसणार नाहीत. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियात उफाळला आणि पुढे जगभर पसरला. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत तो आहे. खेकड्यांत तो पुष्कळदा कोणतंही लक्षण न दाखवता राहतो. कोळंबीच्या तलावाचं पाणी खाडीत सोडलं, मेलेली कोळंबी बाहेर फेकली, की तिथली पिल्लं ती खातात आणि विषाणू घेऊन फिरतात. रिओव्हायरस गटातल्याही काही जाती खेकडे मारतात. निळ्या खेकड्यांना मऊ कवचासाठी टाक्यांत ठेवतात तिथे होणाऱ्या मरणात अशाच एका रिओव्हायरसचा हात दिसला आहे. पुन्हा कातीचीच वेळ. इथेनॉलमधले नमुने आहेतच, पुढे त्यावर विषाणूंची चाचणी करता येईल.

२० सप्टेंबर

मोठी ओहोटी, ऊन, दगड लवकर तापत होते. बऱ्याच पिल्लांचे पाय तुटलेले आणि टोकाला काळी खपली. एकाच्या कवचावर खोलगट, कडा कुरतडल्यासारखा तपकिरी डाग: कायटिन खाणाऱ्या जिवाणूंचं काम. जुन्या कवचाच्या खेकड्यांत हे नेहमी दिसतं, पिल्लांत क्वचित. या पिल्लाची कात लांबली असावी. रक्त पाहिलं तर त्यात हेमॅटोडिनियमच्या पेशी.

एकच रोग सुटा पाहायची सवय मोडायला हवी. दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावर कॅन्सर पॅगुरस या खाद्य खेकड्याच्या पिल्लांत हेमॅटोडिनियम आणि एक बुरशी बरोबरीने आढळली होती. ती बुरशी ऑफिओकॉर्डिसेप्सच्या, म्हणजे मुंग्यांना लागणाऱ्या प्रसिद्ध बुरशीच्या जवळची निघाली. एकाने दार उघडायचं आणि दुसऱ्याने आत शिरायचं. आमच्या नोंदवहीत 'रोग' असा एकच रकाना होता, आज तो मोडून प्रत्येक रोगाला वेगळा रकाना केला, म्हणजे एका पिल्लावर एकाहून जास्त खुणा करता येतील.

१० मिलिमीटरच्या आतल्या पिल्लांचा निर्णयही आज झाला. थोडीच घ्यायची, बर्फावर सुन्न करून अख्खी इथेनॉलमध्ये. मन राजी नव्हतं. पण रोग त्या वयातच जडतो असा संशय असेल तर त्या वयाकडे न पाहता निघून जाणं हे त्यांच्याच हिताचं नाही.

३ ऑक्टोबर

पाऊस ओसरला, खालच्या पट्ट्यात क्षारता हजारी २९. आता पिंजऱ्यांचा प्रयोग.

कल्पना अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांतल्या कामावरून घेतली आहे. रानातून पकडलेल्या रोगी पिल्लाला रोग कधी जडला हे कळत नाही. म्हणून जिथे हा परजीवी नसतो अशा कमी खाऱ्या पाण्यातली पिल्लं आणायची, हळूहळू खाऱ्या पाण्याची सवय द्यायची, आणि पिंजऱ्यात घालून ठरावीक दिवस खालच्या पट्ट्यात ठेवायची. ती रोगी झाली तर संसर्ग त्याच दिवसांत, त्याच जागी झाला. तिकडे ही पद्धत वापरून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात संसर्ग कसा चढतो ते दाखवता आलं होतं.

प्रत्येक पिल्लाला वेगळा कप्पा, नाहीतर पहिल्या रात्रीच एक दुसऱ्याला खाईल. काही पिंजरे वरच्या, गोडसर पाण्यात तुलनेसाठी. पाठवण्याआधी प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब तपासला, सगळे स्वच्छ.

१८ ऑक्टोबर

पिंजरे उचलले. पौर्णिमेच्या भरतीत एक मोकळा होऊन वाहून गेला, बाकीचे जागेवर. खालच्या पट्ट्यातली काही पिल्लं मेलेली, पण कप्प्यात असल्याने कोणी नेली नव्हती. पहिल्यांदाच मेलेली पिल्लं हाती आली. दोघं अर्धवट काढलेल्या कातीत अडकलेली, मागचे पाय अजून जुन्या कवचात. उरलेल्यांचं रक्त काचपट्टीवर बहुतांशी निरोगी दिसतंय. वरच्या पिंजऱ्यांतली सगळी जिवंत.

नमुने पीसीआरला दिले. मेलेल्यांचे स्नायू आणि कल्ले वेगळे.

१६ नोव्हेंबर

पीसीआरचे निकाल आले. चाचणी हेमॅटोडिनियमच्या आरएनए बनवणाऱ्या जनुकांमधल्या तुकड्यावर आहे, त्यामुळे काचपट्टीवर डोळ्यांना न दिसणारे थोडेसे परजीवीही सापडतात.

खालच्या पट्ट्यातल्या पिंजऱ्यांतली, काचपट्टीवर स्वच्छ दिसलेली काही पिल्लं चाचणीत रोगी निघाली. कातीत अडकून मेलेली दोन्हीही रोगी निघाली. वरच्या पिंजऱ्यांतलं एकही नाही. आणि रानातल्या नमुन्यांत अख्खी इथेनॉलमध्ये ठेवलेली, १० मिलिमीटरच्या आतली काही पिल्लंही रोगी निघाली. एवढ्या थोड्या नमुन्यांवरून प्रमाण सांगायचं नाही, ते आम्ही करणार नाही. पण कातीत अडकलेल्या त्या दोघांना वरवर पाहणाऱ्याने 'कात टाकताना मृत्यू' असंच लिहिलं असतं.

जूनमधल्या त्या १८ मिलिमीटरच्या पिल्लाचे ऊतींचे काप आज तयार होऊन आले. कल्ल्यांच्या पातळ पानांत रक्ताची जागा परजीवींनी गच्च भरलेली. केंद्रकांत गुणसूत्रं दाट, गुंडाळलेली, डायनोफ्लॅजेलेटची खूण अगदी स्पष्ट. स्नायूंच्या तंतूंमधली जागा रुंदावलेली. यकृत-स्वादुपिंडाच्या नलिका एकमेकींपासून दूर ढकललेल्या. एवढं सगळं आत चालू असताना ते पिल्लू त्या सकाळपर्यंत दगडाखाली जिवंत होतं.

२ डिसेंबर

पुढच्या हंगामासाठीचे निर्णय. कातीची अवस्था नोंदवल्याशिवाय नमुना ग्राह्य धरायचा नाही. काचपट्टी प्राथमिक चाचणी म्हणूनच, निर्णय पीसीआरवर. पिंजरे पावसाच्या आधी, मध्ये आणि नंतर, तिन्ही वेळा, आणि मधल्या क्षारतेच्या पट्ट्यातही बसवायचे, म्हणजे हजारी ११ ची रेघ आमच्या खाडीत नेमकी कुठे सरकते ते कळेल. पिंजऱ्यांत तापमान नोंदणारी उपकरणं, कारण उबदार पाण्यात परजीवी जोर धरतो आणि रोगी पिल्लं लवकर दगावतात. सॅक्युलिनाची पिशवी दिसलेले खेकडे परत पाण्यात सोडण्याआधी त्यांचं पोटाखालून छायाचित्र.

मासेमारीचं नियोजन करणाऱ्यांना पाठवायच्या टिपणात एकच मुद्दा ठळक ठेवला आहे: प्रौढ खेकड्यांतल्या रोगाच्या प्रमाणावरून साठ्याचा अंदाज बांधताना पिल्लांतली ही मर वेगळी धरावी, आणि कमी खाऱ्या पाण्याचे वरचे पट्टे पिल्लांचे राखीव आसरे मानावेत. टिपणाचा मसुदा मार्गदर्शकांनी पाहून दिला आहे. सुया, न्यूट्रल रेड आणि इथेनॉलची मागणी आज नोंदवली. पिंजऱ्यांची जाळी बदलण्याचं काम उद्यापासून.